बाळकुमच्या बांधावरची काठी

लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा मला दोनच पक्षी ओळखता येत, कावळा आणि चिमणी. पोपटही ओळखू यायचा, पण तो पिंजऱ्यात असला तरच. आणि सासरे मिळाले ते असे, की रविवारी उजाडायच्या आत टोपी घालून खाडीकडे निघायचे आणि नऊच्या सुमारास गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायचे. शाळेत चित्रकला शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट.

एका रविवारी मीच विचारलं, "मामंजी, मी येऊ का?" त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चपला काढून चालता येतं का?" झाली परवानगी. सासूबाई म्हणाल्या, "जा, जा. येताना निदान मीठ तरी आणा, म्हणजे काहीतरी केलंत असं वाटेल." शेजारीपाजारी काय बोलायचे ते बोलले. सासरा आणि सून मिळून चिखल तुडवायला जातात, हे आमच्या आळीत नवीनच होतं.

खाडीकाठच्या बाळकुमपर्यंत चालत तासभर लागे. गाव संपलं की भाताची कोरडी खाचरं, आणि त्यांच्या पलीकडे मिठागरं. चौकोनी वाफे, मधून मातीचे अरुंद बांध, आणि सगळीकडे नुसता उजेड. मामंजींकडे दुर्बीण नव्हती. त्यांची पद्धत एकच. बांधावर बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. अर्ध्या तासानं पक्षी आपल्याला विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात. चित्र ते तिथं कधीच काढत नसत. घरी येऊन, चहा पिऊन, आठवणीतून काढत, आणि बगळ्याच्या मानेचा बाक असा बरोबर उतरायचा की मी बघतच राहायची. इतका शांत, इतका पक्क्या नजरेचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्या वाफ्यांमध्ये एक आगरी बाई काम करायची. पन्नाशीची, काटक, गुडघ्यावर कासोटा. मी तिला मावशी म्हणायची. लांब लाल पायांचे, पांढऱ्या अंगाचे आणि काळ्या पंखांचे शेकाटे पाण्यातून पाय उचलत चालले, की ती मला म्हणायची, "बघ गो, तुज्यासारकेच चालतान. पाय भिजला तर सासू बोलंल!" आणि स्वतःच खदाखदा हसायची. खरं तर मी तशीच चालत होते.

उन्हाळ्यात अशाच एका सकाळी मला शेकाट्याचं घरटं सापडलं. मला, मामंजींना नव्हे! बांधाच्या कडेला चार काड्या, चार खडे, आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. पुढे पाऊल टाकलं असतं तर चुराडाच झाला असता. आम्ही लांब जाऊन बसलो. मादी आली, पण लगेच अंड्यांवर बसली नाही. आधी पाण्यात उतरली, पोट भिजवून घेतलं, आणि मग ते ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली. ऊन चढलं तशी पुन्हा उठली, पुन्हा भिजवून आली. मामंजी हळूच म्हणाले, "अंडी तापू नयेत म्हणून." माझे डोळे भरून आले. का ते सांगता येणार नाही.

निघताना मला राहवेना. ह्या बांधावरून दिवसभर माणसं डोक्यावर मीठ घेऊन जाणार, कुणाचा पाय पडला तर? मी पदराच्या टोकाची लाल चिंधी फाडली, एका काठीला बांधली आणि काठी घरट्यापासून हातभर अंतरावर रोवली. मामंजी पुढे निघून गेले होते. त्यांना सांगितलंही नाही. मनात म्हटलं, त्यांच्याही लक्षात आलं नाही ते आपल्याला सुचलं. आठवडाभर मी घरात मोठ्या तोऱ्यात वावरत होते.

पुढच्या रविवारी मावशी मिठागराच्या तोंडाशीच उभी. हातात माझी काठी.

"ही कोनी लावली?"

"मी," मी म्हटलं. शाबासकीच मिळणार अशी माझी खात्री होती.

मावशी हसली नाही. "बाय, मिठागरान चिंधीची काठी म्हंजी बांध फोरायची खूण. मुकादम लावतो. जिथं काठी, तिथं कुदल."

मग तिनं सांगितलं ते असं. अमावस्या-पुनवेच्या उधाणालाच खाडीचं पाणी मिठागराच्या मोठ्या तळ्यात चढतं. त्या दिवशी बांध फोडून ते वाफ्यांत घ्यायचं, आणि भरती उतरायच्या आत सगळे वाफे भरायचे. बुधवारी अमावस्या होती. गडी आले, त्यांना माझी काठी दिसली.

"मग? फोडला?"

"चल," एवढंच ती म्हणाली आणि पुढे झाली.

मी अनवाणीच धावले. मिठाचे खडे पायांना टोचत होते, मागून मामंजी "अगं, हळू" म्हणत होते. बांधावर लांबूनच ताज्या चिखलाचा एक काळा पट्टा दिसला आणि मी तिथंच थांबले. मावशीनं माझा दंड धरून पुढे नेलं आणि बोटानं दाखवलं. पट्ट्याच्या पलीकडे, जेमतेम हातभर अंतरावर, मादी बसली होती. पोट ओलं, मान ताठ.

"पांखरू वरडाया लागला म्हून मी धावलू," मावशी म्हणाली. "कुदली परल्या व्हत्या. थांबवला गड्यांना. आदी चिखल भरून घेतला, मंग मुकादमाची खरी काठी लांब व्हती, तिथं जाऊन फोरला."

मी तिचे हात धरले आणि रडले. त्या वेळी मला दुसरं काही सुचत नव्हतं. अंडी वाचली, एवढंच डोक्यात होतं.

मामंजी मात्र आजूबाजूला बघत होते. सगळे वाफे पाण्यानं चकाकत होते, फक्त शेवटचे दोन कोरडे ठणठणीत, तळाच्या मातीला भेगा पडलेल्या. त्यांनी विचारलं, "बाई, हे दोन का सुके राहिले?"

"तवर व्होटी लागली, मास्तर. पानी नाय पोचला."

"आता पाणी कधी?"

"पुनवेच्या उधानाला."

ऐन मिठाच्या दिवसांतले पंधरा दिवस. मामंजींनी टोपी काढून हातात घेतली. "कुणाचे आहेत ते?"

मावशीनं खांदे उडवले. "माजेच. दुसऱ्या कोनाला सांगायचा कसा, तुजा वाफा सुका ठेव म्हून?"

मी माफी मागायला तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे बघतही नव्हती. पक्षीण उठून पाण्यात उतरली होती, पोट भिजवत होती, आणि मावशीचं लक्ष तिथं होतं.

"ह्यो काय करतंय गो?"

मी सांगितलं. अंडी तापू नयेत म्हणून करते म्हटलं.

"आगं बाय!" मावशी म्हणाली. "तीस वरसां हितं हाय मी. बसून कंदी बघितलाच नाय. आज वाफं सुकं, मना काय काम नाय."

आणि ती बांधावर टेकली. मी सरकून तिला जागा दिली.