डबा भरलेला परत गेला

बारावीला मला लातूरला ठेवलं. तेव्हा गावात नुकतीच केबल आली होती, दुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या होत्या, आणि घरोघरी पोरांना डॉक्टर करायची साथ आली होती. आप्पांचं युसूफ वडगावात किराणा दुकान. साखर घेता घेता गिऱ्हाईक विचारायचं, "पोरगी काय करतीय?" आप्पा तागडी धरून सांगायचे, "डॉक्टर होतीय." डॉक्टर होणार होते मी, पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

माय सकाळी डबा भरायची, आप्पा तो एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचे, आणि मी दुपारी लातूरच्या स्टँडवर जाऊन घ्यायचे. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. गावोगावचे असे डबे त्या गाड्यांतून यायचे. मायचा हिशोब सरळ होता. डबा रिकामा आला म्हणजे पोरगी जेवतीय, आणि जेवतीय म्हणजे अभ्यास जोरात चाललाय.

कसलं जेवण अन् कसलं काय! दर रविवारी क्लासची परीक्षा, आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बसायची जागा. दुसऱ्या बाकावरून सरकत सरकत दिवाळीपर्यंत मी पार मागं, पाण्याच्या माठाजवळ गेले. फिजिक्सचं पुस्तक उघडलं की त्याच त्या पानावर तासभर जायचा. घास उतरायचा नाही. डबा खोलीतल्या पोरी हाणायच्या. मेसचं पाणचट वरण खाऊन वैतागलेल्या त्या, मायच्या शेंगदाण्याच्या चटणीवर तुटून पडायच्या. डबा चाटूनपुसून परत जायचा, घरी सगळे खूश. मला सगळ्यांचाच राग यायचा.

संक्रांतीला पोरी आपापल्या गावी गेल्या. मी परीक्षेसाठी थांबले. त्या दिवशी डब्यात तिळाच्या पोळ्या होत्या, आणि खायला कुणी नव्हतं. कुणाला नेऊन द्यायचंही त्राण नव्हतं अंगात. मरू दे तिकडं म्हणलं आणि डबा तसाच गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेले, तर गाडीतून आप्पाच उतरले. घरात मयत झाल्याशिवाय दुकान बंद न ठेवणारा माणूस.

"माय कालपासनं उपाशी हाय," ते म्हणाले. "कामून जेवत न्हाईस गं?"

"आप्पा, मला न्हाई जमत." एवढंच बोलता आलं, पुढं नुसतं रडू.

आप्पा बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता झापणार. सगळ्यांची पोरं करतात, तुलाच काय धाड भरलीय म्हणणार.

"मी बी लई थकलो, बाई," ते म्हणाले. "जो येईल त्यो तुझे मार्क इचारतो. दुकान उघडू वाटत न्हाई बघ."

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. हा माणूस कधी एवढा म्हातारा झाला ते मला कळलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

खोलीवर जाऊन वळकटी बांधली. संध्याकाळच्या गाडीत कंडक्टरनं सवयीनं हात पुढं केला, "डबा?"

"आज पोरगीच नेतोय," आप्पा म्हणाले.

गाडी सुटल्यावर मी हळूच विचारलं, "आप्पा, गिऱ्हाइकांला आता काय सांगनार तुमी?"

"साखर पायजे का गूळ, इचारीन," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. अंबाजोगाई येईपर्यंत आम्ही दोघंही झोपलो होतो.