भासऱ्यांनी ऐकलेला आवाज

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्यांशी, सुनेने थेट बोलायचे नसते. त्यांनीही तिच्याशी नाही. मध्ये तिसरे माणूस नसेल तर एकाने भिंतीला किंवा बैलाला सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. शाळेत विज्ञान शिकवत असूनही मी हा रिवाज पाळत आले, कारण आम्हा दोघांना एकमेकांशी बोलण्याची इच्छाच नव्हती.

त्या दिवशी कुरखेड्याला माझ्या मुलीचा साखरपुडा, आमच्याकडचे साक्षगंध, होता. भासऱ्यांना ही सोयरीक मुळीच पसंत नव्हती. मुलाकडच्यांनी मात्र कळवले होते की, मुलीचे वडील हयात नाहीत, तेव्हा थोरले काका पाटाजवळ बसल्याशिवाय कुंकू लावणार नाही. उघड नकार दिला तर गावात नाव जाईल, म्हणून भासरे गाडीत बसले. मुलगी पाहुण्यांसोबत पुढे गेली होती.

आरमोरी ओलांडल्यावर रस्त्याचे काम चालू होते. ट्रकांमागे रांगता रांगता तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी गाडी एका मोहाच्या झाडाच्या सावलीत लावली. भासरे खाली उतरून मोहाला म्हणाले, "पाहा बा, गाडीलेच हे सोयरीक मंजूर नाई."

"गाडीला विचारून कोणी सोयरीक करत नाही," मी बॉनेटला सांगितले आणि ते उघडले.

रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडायचे नसते. मी त्याला हात लावला नाही. रेडिएटरचा पंखा बंद होता. अशा वेळी आधी फ्यूज पाहावा. त्याची तार शाबूत होती. मग रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी चुंबकाची कळ. बॅटरीशेजारच्या काळ्या डबीच्या झाकणावर आतून नकाशा असतो. पंख्याच्या चित्राखालचा चौकोनी ठोकळा तो रिले. इंजिन तापलेले असताना चावी फिरवली की त्यात टक् असे वाजते आणि बोटाला हलका धक्का जाणवतो. पण चावी फिरवताना रिलेपर्यंत माझा दुसरा हात पुरेना.

"कोणी या ठोकळ्यावर बोट ठेवेल तर बरं होईल," मी बॅटरीला म्हणाले.

भासऱ्यांनी बोट ठेवले. मी चावी फिरवली.

"वाजला," ते मोहाला म्हणाले. "रिले चांगला हाय. मोटरच जळली असन. आता वापस चला म्हणा."

रिले वाजूनही आतली टोके जळालेली असू शकतात, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. हॉर्नचा रिले त्याच आकाराचा होता आणि दोन्हींवरचे आकडेही जुळत होते. मी दोन्ही उपटले. हत्यारांच्या पिशवीतल्या वायरचे दोन तुकडे बॅटरीपासून हॉर्नच्या रिलेच्या आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला जोडले. टक्. मग तीच जोडणी पंख्याच्या रिलेला केली. काही नाही. तारा पुसून पुन्हा केली. काही नाही. त्यात आवाज करण्याजोगे काही उरलेच नव्हते.

हे सगळे भासरे पाहत होते. मी हॉर्नचा रिले पंख्याच्या जागी बसवला आणि चावी फिरवली. पंखा घरघरला.

"उन्हात मानसाले कायबी आयकू येते," ते म्हणाले.

मी वळले आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले. "भाऊजी, तुम्हाला काहीही ऐकू आलं नव्हतं. माझ्या मुलीचं साक्षगंध मोडावं म्हणून तुम्ही खोटं बोललात. इंजिन थंड झालं की गाडीत बसा."

"आयकलं का बा," ते मोहाला म्हणाले, "मास्तरीण मले शिकवून राह्यली."

"शिकवत नाही. गाडीत बसा म्हणते."

ते बसले. उरलेल्या रस्त्यात गुरे आडवी आली की हॉर्नऐवजी मी खिडकीतून हात काढून दारावर थाप मारत होते.

मांडवात त्यांनी माझ्याकडे पाठ करून पाटाजवळची जागा घेतली. उशीर का झाला, असे मुलाच्या वडिलांनी विचारले. "गाडी तापली," एवढेच ते म्हणाले. मुलीला कुंकू लागले.

परत जाताना ते एसटीने गेले. मी त्यांना थांबा म्हटले नाही.