थरथरलेली रेघ

आज सकाळी काळ्या शाईची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी इथल्याच, तंजावरच्या एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या सभागृहात, भरलेला कॉमिक्सचा मेळावा आठवला.

इतकी वर्षं चित्रकथा काढूनही मी वाचकांसमोर कधी बसले नव्हते. माझी नायिका, नावाडीण नीलवेणी, माझ्याकडून कागदावर काढून घ्यायला रांग लागली होती. आणि त्याआधीचा महिनाभर माझा उजवा हात थरथरत होता. हे फक्त शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं.

"घरी जाऊया का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता कशी उठू?"

पहिले आले पापनाशमचे एक म्हातारे मास्तर. त्यांनी कागद पुढे केला. नीलवेणी आणि तिची होडी कशीबशी जमली, पण नदीची रेघ ओढताना हात कापला आणि रेघ वेडीवाकडी गेली. आता सगळ्यांना कळणार, या भीतीने मला वर बघवेना.

मास्तरांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि तमिळमध्ये म्हणाले, "कावेरीला पूर आलाय. पाणी खरंच हलतंय."

मी पुढच्या वाचकाचा कागद ओढून घेतला.

त्या रेघेची तेव्हा केवढी धास्ती घेतली होती मी. आता हात इतका कापतो, की तेवढी सरळ रेघ जमली, तरी माझा दिवस चांगला जातो.