कुत्रं आडवं आलं नव्हतं

आमचे हे बोईसरला एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहेत. आम्ही राहतो पालघरला, स्टेशनच्या पश्चिमेला. रोज सकाळी आठला हे मोटरसायकल काढायचे आणि उमरोळीवरून बोईसर गाठायचे. माझं ऑफिस पालघरातच, पावणेदहाचं. म्हणजे हे निघाल्यावर तासभर मी घरात मोकळी असायची, आणि त्या तासात मी ह्यांना निदान दोन फोन करायची. गॅसचा नंबर लावलात का, दुधाच्या पिशव्या किती सांगितल्यात, असलं काहीतरी. हेही फोन उचलायचे. हेल्मेट आणि कान यांच्या मधे मोबाइल खुपसायचा आणि गाडी चालवता चालवता बोलायचं. रस्त्यावरचे निम्मे लोक तसेच बोलत जाताना दिसायचे, त्यामुळे आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट फोन वाजत राहिला आणि उचलला नाही तर मला राग यायचा. मग मी परत करायची, उचलेपर्यंत करायची.

त्या दिवशी लेकीच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी तिचं आधार कार्ड हवं होतं. ते लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली सापडेना. मी फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर ह्यांनी उचलला.

"अहो, किल्ली कुठे ठेवलीत?"

"मी कुठे ठेवली? तूच काल उघडलंस ना कपाट!"

"मी परत खिळ्याला लावली होती. तुम्ही हलवली असणार."

"अगं, मी कशाला हलवू? तू नीट..."

पुढचा शब्द आला नाही. हॉर्न वाजला, ह्यांच्या तोंडून "अरे" असं काहीतरी निघालं आणि मग पत्रा रस्त्यावर घासत जातो तसा आवाज. फोन मात्र तुटला नाही. कुठेतरी पडून तो चालूच राहिला. मी "हॅलो, हॅलो" करत होते आणि पलीकडून गाड्यांचे, धावणाऱ्या पायांचे आवाज येत होते. कामावर निघालेली माणसं असावीत, हिंदीत ओरडत होती. "उठाओ, उठाओ! पहले माई को उठाओ!" ही माई कोण ते मला कळेना. मग कुणीतरी म्हणालं, "मोबाइल चालू है, कोई औरत बोल रही है."

एका माणसाने फोन कानाला लावला. "कौन?"

"मी त्यांची बायको बोलते," मी मराठीतच म्हणाले. त्याला समजलं.

"भाभीजी, घबराना मत. आदमी होश में है. लेकिन माई के पैर में बहुत लगा है."

दवाखान्यात पोहोचले तेव्हा दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर हे, दुसरीवर साठीच्या आतबाहेरची एक कोळीण. ती किनाऱ्यावरच्या गावातून सुकी मासळी घेऊन यायची आणि उमरोळीच्या आसपास दारोदार विकायची. रिक्षातून उतरून, डोक्यावर पाटी घेऊन ती रस्ता ओलांडत होती. ह्यांची गाडी तिच्या पायावर गेली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ह्यांचं उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि गाल सोलवटला होता. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी वाकले तेव्हा ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "फोनचं कुणाला बोलू नकोस."

दुपारी हवालदार जबाब घ्यायला आले. ह्यांनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला गेलो आणि गाडी घसरली. हवालदारांनी लिहिता लिहिता माझ्याकडे बघितलं. मला त्यांनी काही विचारलंही नव्हतं, तरी मी म्हणाले, "हो, तिथे कुत्री फार आहेत." आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. ह्यांनी घाबरून खोटं सांगितलं होतं. मला तर कुणी विचारलंही नव्हतं.

कोळिणीची लेक आईजवळ बसलेली असायची. औषधपाणी, क्ष-किरण, पायात घातलेली सळई, सगळ्याचा खर्च आम्ही करत होतो. मी डबा नेला की ती हात जोडायची. "लोक ठोकून पळून जातात. तुमी तरी इचारता." मी डबा ठेवायची आणि काहीतरी कारण काढून बाहेर जायची.

आठवड्याभराने हे घरी आले आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला कुत्र्याची गोष्ट सांगावी लागे. सांगता सांगता तिच्यात भर पडत गेली. कुत्र्याला काळा रंग आला, ते डाव्या बाजूच्या झुडपातून आलं. एडवणहून माझे वडील आले. वाडीतली केळी घेऊन आले आणि तासभर कुत्र्यांवर बोलले. आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी तर अर्जच लिहिला. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा, त्यांच्यामुळे अपघात होतात, आणि खाली उदाहरण आमचं. इमारतीत सह्या गोळा करून ते शेवटी आमच्याकडे आले.

"पहिली सही खरं तर तुमची हवी," ते ह्यांना म्हणाले. "पण हात गळ्यात आहे तुमचा. वहिनी, तुम्हीच करा."

मी पेन हातात घेतलं. अर्ज चांगल्या अक्षरात लिहिला होता. मी म्हणाले, "ठेवून जा काका. वाचते आणि मग करते."

ते गेल्यावर आमचं भांडण झालं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण असं भांडण आधी झालं नव्हतं.

"सही करून टाकायची," हे म्हणाले. "काय बिघडतं?"

"खोट्यावर मी सही करणार नाही."

"हवालदारापुढे बोललीस तेव्हा बरी आठवण झाली नाही खऱ्याची! आणि फोन कुणी केला होता?"

"फोन मी केला. पण उचललात तुम्ही."

"नाही उचलला तर तू थांबतेस? त्या दिवशी तीन वेळा वाजवलास. एकदा तरी वाटलं तुला, हा माणूस गाडीवर असेल?"

मला वाटलं नव्हतं. ह्यांनाही गाडी बाजूला घ्यावी असं कधी वाटलं नव्हतं. लेक आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि आमच्याकडे न बघता परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि कोळिणीच्या घरी गेले. गाव समुद्राला लागून. ती ओटीवर खाटेवर बसली होती, पाय उशीवर. लेक बाहेर बोंबील वाळत घालत होती. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, "मावशी, एक सांगायचंय. त्या दिवशी कुत्रं नव्हतं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "कुत्रा लांब रायला, रस्त्यात कोंबडी पन नव्हती." मग तिने स्वतःची मान खांद्याकडे कलती केली आणि कानाशी हात नेला. "तुज्या नवऱ्याची मान अशी व्हती. मी बगितला ना. तो माज्याकडं बगत व्हता, पन मी त्याला दिसत नव्हते."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"मला इचारला कोनी? त्याला इचारला, तू मधी बोललीस. कळा मारीत व्हत्या म्हनून मी वरडत व्हते. मंग कागूद पुढं आनला, आंगठा घेतला." मग तिनेच विचारलं, "कोनाशी बोलत व्हता?"

"माझ्याशी."

लेकीचे हात थांबले. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"येवढा काय काम व्हता?"

"कपाटाची किल्ली सापडत नव्हती."

"गावली?"

"हो. माझ्याच पर्समध्ये होती."

ती हसेल किंवा शिव्या देईल असं मला वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. उशीवरचा पाय दोन्ही हातांनी उचलून जरा सरकवला. मग म्हणाली, "तीस वर्सं झाली पाटी घेऊन फिरते मी. धनी गेला तवापासून. कोनाच्या घरात काय लागतं ते मला ठावं हाय. कोनाला जवळा, कोनाला सोडे. आता डाक्टर बोलतो, डोईवर वजन नाय घ्यायचा." आवाज चढला तिचा. "तू कशाला आलीस? तू सांगून मोकळी झालीस. त्याला पाठव. त्याच्या तोंडानं ऐकायचा हाय मला."

घरी येऊन मी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. दोन दिवस गेले. रविवारी सकाळी हे म्हणाले, "रिक्षा बोलाव."

आम्ही गेलो तेव्हा ओटीवर शेजारच्या चारपाच बायका होत्या. म्हातारीने त्यांना उठायला सांगितलं नाही. हे उभ्या उभ्याच म्हणाले, "मी फोनवर बोलत होतो. माझी चूक आहे. कुत्र्याचं खोटं सांगितलं मी." मग तिने ह्यांना सगळ्यांसमोर असं सुनावलं की मी जमिनीकडे बघत राहिले. प्रयोगशाळेत दहा माणसं ज्यांच्या हाताखाली, ते हे मान खाली घालून ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर ती दमली आणि लेकीला म्हणाली, "चाय ठेव त्यांना." चहा आम्ही प्यायलो. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

तिथून हे पोलीस ठाण्यात गेले. तेच हवालदार होते. "मिटलेलं कशाला उकरून काढता?" ते वैतागून म्हणाले. पण ह्यांनी हट्ट धरला तेव्हा त्यांनी पुरवणी जबाब लिहून घेतला. माझाही घेतला. पुढे केस उभी राहिली, ह्यांनी गुन्हा कबूल केला, दंड झाला आणि लायसन्स काही महिने जमा झालं. आता लायसन्स परत मिळालंय, पण हे कारखान्याच्या बसनेच जातात. तळमजल्यावरच्या काकांना मी खरं काय ते सांगितलं. ते अवघडले. "बरं, कुत्र्यांचा त्रास तर आहेच," असं म्हणून त्यांनी आमचं उदाहरण खोडलं आणि अर्ज नवा लिहून काढला.

सकाळच्या त्या तासात मी आता फोन हातात घेत नाही. सुरुवातीला ते फार जड गेलं. मोठं कारण कधीच नसायचं, पण हात आपोआप जायचा. एकदा बहिणीचा फोन आला. बोलता बोलता मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मी विचारलं, "गाडीवर आहेस?" ती म्हणाली, "हो, पण बोल, हेडफोन लावलाय." मी फोन ठेवून दिला. ती चार दिवस रागावली होती.

कोळीण आता काठीने चालते. घरोघर फिरणं संपलं. लेक सकाळी पाटी बाजारात आणून ठेवते आणि म्हातारी तिच्यामागे बसून विकते. जुनी गिऱ्हाइकं काही येतात, बरीचशी येत नाहीत. उमरोळीच्या बायका दारात येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून घेऊ लागल्या असतील. मी दर शनिवारी तिच्याकडे जाते. घासाघीस करत नाही, आणि ती मला इतरांपेक्षा स्वस्तही देत नाही. पाय कसा आहे विचारलं तर सांगते, थंडीत ठणकतो. माझ्या लेकीचं कॉलेज कुठवर आलं, तेही विचारते. ह्यांच्याबद्दल तिने आजवर एकदाही विचारलेलं नाही. मीही आपणहून काही सांगत नाही.