तीन हजार मेंढ्यांचा एकच कान

सार्थक मेंढ्या बनवतो. कॉम्प्युटरवर. हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, त्याच्याकडे नाही.

तो निमगाव सावाचा, माझ्याच वर्गातला. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. तो बारावीनंतर घरी बसला आणि मोबाईलवर बघून बघून सिनेमाचे इफेक्ट करायला शिकला. पेठच्या श्रेयाताईंनी सिनेमा काढला, 'ढगांचा मेंढका'. एक म्हातारा आपली मेंढरं आहुप्याच्या कड्यावरून सरळ आभाळात नेतो. सगळ्या सिनेमाचं बजेट आमच्या गावच्या यात्रेपेक्षा कमी. तीन हजार मेंढ्या सार्थकच्या अंगावर आल्या.

दोन वर्षं तो एका खोलीत बसून होता. त्याचे वडील, जालिंदरआप्पा, अजून शंभरेक मेंढ्या राखतात. त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. "पोरगं काय करतंय?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "खेळतंय."

ही मेंढरं आहेत, एवढं आप्पांनी एकदा म्हणावं. सार्थकला तेवढंच हवं होतं.

ट्रेलर रविवारी येणार होता. आदल्या बुधवारी, भर दुपारी, त्याने आप्पांना बोलावलं. खिडकीवर घोंगडी टांगली. भिंतीला पांढरी चादर लावली आणि तिच्यावर प्रोजेक्टर सोडला. मी दाराशी उभा राहिलो.

कळप कड्यावर आला. वाऱ्याने लोकर हलत होती. खुरांखालची धूळ उडत होती.

"थांबीव," आप्पा म्हणाले.

सार्थकने थांबवलं.

"कान बघ ह्यांचा."

प्रत्येक मेंढीच्या डाव्या कानाला तीच खाच. आप्पा आपल्या मेंढ्या ओळखायला कापतात ती. सार्थकने घरच्या एका मेंढीचे फोटो काढून सगळा कळप उभा केला होता. रंग बदलला, उंची बदलली. कान राहून गेला.

"तीन हजार मेंढरं, अन् समदी आपलीच? दुसऱ्या मेंढक्यानं बघितलं तर काठी घिऊन यील. चोर म्हनंल मला."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत.

"अन् म्होरं शेळी कुठाय? शेळी चालल्याबिगर मेंढरू कड्याला जातंय व्हय?"

"आप्पा, सिनेमा हाय तो."

"मग मेंढरं कशाला म्हनतो? कापूस म्हन." ते उठून गेले.

सार्थकने श्रेयाताईंना फोन लावून कान बदलायला वेळ मागितला. "अरे, कान कोण बघतंय?" त्या ओरडल्या.

"मेंढके बघत्यात, ताई."

फोनवरच त्यांनी तारखा मोजल्या. मग म्हणाल्या, "एक आठवडा. वर एक दिवस नाही."

दोन दिवस तो आप्पांच्या कळपामागे फिरला. मोबाईल शेळीवर रोखलेला. मग पुन्हा खोलीत. "जेवतोस कधी?" मी विचारलं. "शेळी जेवली की," तो म्हणाला.

पुढच्या बुधवारी पुन्हा घोंगडी टांगली. आप्पा काठी मांडीवर घेऊन बसले.

या वेळी पुढे शेळी होती. कान निरनिराळे होते. शेळीने कड्यावरून खाली बघितलं, अदमास घेतला, आणि ढगावर पाय ठेवला. मागून सगळा कळप. शेवटचं एक कोकरू काठावर अडखळलं. त्याचा मागचा पाय घसरला.

आप्पा ताडकन उठले. "हुर्रर्र! हुर्रर्र! फिर मागं!"

घरामागच्या शंभर मेंढ्या एकदम उभ्या राहिल्या. बें बें सुरू झालं. चादरीवर कोकरू सावरलं आणि उडी मारून ढगात गेलं.

आप्पा खाली बसले. काठी नीट मांडीवर ठेवली.

"पडलं असतं कोकरू," ते पुटपुटले. मग म्हणाले, "लई गुणाचं हाय मेंढरू. परत लाव."

सार्थक कॉम्प्युटरकडे वळला. त्याने परत लावलं. आठ वेळा.

ट्रेलर ठरल्यापेक्षा आठवड्याने, रविवारी आला. सिनेमा या शुक्रवारी नारायणगावात लागतोय. पहिल्या शोला आप्पा फेटा बांधून जाणार आहेत. काल त्यांनी मला हाक मारली.

"ऋषी, शुक्रवारी मेंढरं कोन राखनार?"

मी आयुष्यात मेंढरू राखलेलं नाही. मी हो म्हणालो. मी दुपारच्या शोला जाईन.

"काय येत न्हाई तुला," आप्पा म्हणाले. "शेळीच्या मागं ऱ्हा."