बाटलीचं सासरचं नाव

माझी ताई भद्रावतीला पार्लर चालवते आणि दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारी नायिका असते. त्या उन्हाळ्यात, लग्नसराईत, तिचा आवाज बसला तो बसलाच. चिंच सोडली, बर्फ सोडला, हळद-दूध पिऊन पिऊन ती पिवळी व्हायची तेवढी बाकी राहिली. दिवाळीपर्यंत गळा सुटला नाही तर नाटक मंडळी तिची भूमिका दुसरीला देणार होती. धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त, कारण तिच्या गाण्यावर गावभर मिरवते ती मी.

मी चंद्रपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल घेते. एका सुट्टीच्या दुपारी पार्लरात गेले तर खुर्चीवर मोहर्लीची एक नवरी. लग्न तोंडावर, कुरळे केस सरळ करून हवे. सोबत आई आणि आत्या. एसी चालू, दारं-खिडक्या गच्च बंद. ताईने केसांना क्रीम चोपडलं, वरून तापलेलं स्ट्रेटनर फिरवलं आणि भस्सकन पांढरा धूर निघाला. नवरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

आईने ते पाहिलं मात्र, "अव माय, पोरगी आतापासूनच रडून राह्यली वं!" म्हणत तिने गळाच काढला. आत्याने तोंडाला पदर लावला. ताईचे डोळे वाहत होते, माझेही. झालं, भर दुपारी पाठवणी सुरू! नवरी बिचारी ओरडतेय, "मी नाई रडून राह्यली, डोळे झोंबून राह्यले माहे!" पण ऐकतो कोण?

मला हसू आवरेना. हसता हसता मोठा श्वास घेतला आणि नाकाने ओळखलं.

"ताई, हा तर बेडकाचा वास!"

मला म्हणायचं होतं फॉर्मॅलिन, ज्यात आमचे बरणीतले बेडूक बुडवलेले असतात. पण "माह्या केसात बेडूक?" करत नवरी उडाली ती थेट रस्त्यावर. मागोमाग आम्ही सगळ्या.

बाहेर बाटली नीट पाहिली. पुढे ठळक अक्षरांत 'फॉर्मल्डिहाइड-मुक्त'. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'मिथिलीन ग्लायकॉल'. मी सांगितलं, फॉर्मॅलिनमध्ये असतं तेच हे फॉर्मल्डिहाइड; पाण्यात मिसळलं की त्याचंच हे नाव होतं. तापवलं की पुन्हा वायू होऊन डोळ्यांत, घशात शिरतं. माल टिकावा म्हणून चिमूटभर घालायला नियमांत मुभा आहे, पण असा धूर निघेल इतकं नाही.

आत्याला लगेच पटलं. "म्हंजे सासरी गेल्यावर नाव बदलते, तसंच! माह्यं बी बदललं होतं. माह्या सासूले विचारा, मी बदलली का!"

रस्त्यावर उभ्या उभ्या आम्ही पोट धरून हसलो. ताई तेवढी हसली नाही. तिचा हात गळ्यावर गेला होता.

"मी तं रोज याच धुरात उभी राहतो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

नवरीचं डोकं तोवर एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने कुरळं. आई म्हणाली, "आता काऊन थांबवता? उरलेलं करून टाका ना." ताईने बाटली टोपण घट्ट लावून बाजूला ठेवली आणि उरलेलं डोकं करायला साफ नकार दिला. तिने असा झोकदार अंबाडा घातला की कुठली बाजू कशी, कुणाला कळलंही नाही.

केस सरळ करणं बंद झालं तशा निम्म्या गिऱ्हाइकणी दुसऱ्या पार्लरात गेल्या. ताई माझ्यावर खेकसायची, तेही घोगरंच.

दसऱ्याच्या सुमारास मी पार्लरात फोन केला. पलीकडून कुणी पोरगी गोड आवाजात "हॅलो" म्हणाली. मी म्हटलं, "जरा ताईला फोन द्या."

"अवं, मीच आहो ना!"

इतक्या महिन्यांत मी तिचा खरा आवाज विसरूनच गेले होते.