माझ्या हातचं कुंकू

“सांगा ताई, किती वेळा पोट पडलं?”

निवेदिकेने माईक माझ्या तोंडाला लावला आणि समोर बघून गोड हसली. बदलापूरचा एसी हॉल. पुढे सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. सोफ्यांवर पैठण्या, खुर्च्यांवर आमच्यासारख्या. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नाव हळदीकुंकू, काम भाऊंचा प्रचार.

“तीनदा,” मी म्हणाले.

“अरेरे! बघा, किती सोसलंय बिचारीने! पण आज आपल्या लाडक्या वहिनी या ताईंची ओटी भरणार आहेत. जोरदार टाळ्या!”

माझी तीन मुलं गेली, त्यावर टाळ्या पडल्या. जोरदार.

भाऊ म्हणजे बिल्डर. सोनिवलीकडे त्यांचे टॉवर चढतायत, जाहिरातीत पोहायचा तलाव आहे. आम्ही विठ्ठलवाडीच्या चाळीत नळाला पाणी कधी येतं याची वाट बघतो. पाणी देणारं धरण म्हणे सगळ्यांचं. निवडणूक जवळ आली की भाऊंना दया येते. इतकी येते की तिच्यासाठी त्यांनी संस्थाच काढलीय.

या दयेच्या दारात आम्ही कसे गेलो ते सांगते. माझा नवरा सचिन अंबरनाथच्या एका कंपनीत कंत्राटी आहे. मी उल्हासनगरात जीन्स शिवायच्या गाळ्यात मशिनीवर बसते. उरलेल्या वेळात कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. तिसरं मूल पाचव्या महिन्यात गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नुसती वाट बघून होणार नाही, उपचार लागतील, आणि उशीर करू नका. खर्च ऐकून सचिन दवाखान्याच्या पायरीवरच बसला.

मग सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या माणसाने मान वरही केली नाही.

“ते इथं होत नाही. मूल नको असेल तर सांगा. ऑपरेशन फुकट आहे.”

आणि हसला. त्याला वाटलं विनोद झाला. मला मात्र त्या दिवशी सगळं राज्य कळलं. गरिबाचं मूल थांबवायला यांच्याकडे टेबल आहे, डॉक्टर आहे, भिंतीवर पोस्टर आहे. गरिबाला मूल व्हावं म्हणून काय आहे? भाऊ आहेत. त्यांची संस्था उपचारासाठी चेक देणार होती, पण स्टेजवर.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात तालीम झाली. होय, तालीम. भाऊंच्या एका माणसाने आम्हाला शिकवलं.

“ताई, डोळ्यांत पाणी आलं तर पुसायचं नाही हां. आणि सचिन, पाया पडताना तोंड कॅमेऱ्याकडे.”

“पाया पडताना तोंड जमिनीकडे असतं,” सचिन म्हणाला.

“ॲडजस्ट कर ना यार. मदत फुकट मिळते काय?”

नाही मिळत. हे तोच बोलला, आणि अख्ख्या संस्थेत तेवढा एकच खरं बोलला. तरी मी तयार झाले. मला मूल हवं होतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तर स्टेज. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, आल्या. मला हळदीकुंकू लावलं. ओटीत तांदूळ, नारळ, खण. फोटोवाला म्हणाला, “वहिनी, जरा हसा.” वहिनी हसल्या. आता रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिने मला लावलं की मी तिला लावायचं. बाई बाईला लावते, दोघी बरोबरीच्या होतात. हळदीकुंकवात मला आवडणारी तेवढी एकच गोष्ट. मी तबकातलं कुंकू बोटावर घेतलं आणि हात उचलला.

वहिनी एक पाऊल मागे सरल्या.

“राहू दे गं. तू नको लावू.”

“का?”

“मनाला लावून घेऊ नकोस. आमची सून गरोदर आहे. घरात शुभकार्य आहे. तुझं हे असं सारखं... शास्त्र असतं ते.”

सून समोरच्या सोफ्यावर बसली होती. वहिनींनी तिला खूण केली. ती बिचारी उठली आणि पोटावर पदर ओढून मागच्या रांगेत जाऊन बसली. माझी नजर लागू नये म्हणून.

म्हणजे माझं दुःख यांना फ्लेक्सवर चालतं. स्टेजवर चालतं. भाषणात चालतं. कपाळाला चालत नाही.

मी ओटीतला नारळ काढून तबकात ठेवला. तांदूळही. खण घडी करून वर ठेवला. भाऊ स्टेजवरच्या खुर्चीतून वाकून हळूच म्हणाले, “पोरी, नाटक नको. चेक पाहिजे ना?”

मी माईक घेतला.

“वहिनींना माझ्या हातचं कुंकू चालत नाही. माझं मत चालतं का, ते भाऊंनी सांगावं.”

माईक बंद केला त्यांनी. केला तर केला. मी मशिनींच्या खडखडाटात बोलायला शिकलेली बाई आहे. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

“माझी मुलं गेली, मी त्यांना मारलं नाही. मी अपशकुनी नाही. तुमची मदत तुमच्यापाशी ठेवा.”

मागून एक बाई म्हणाली, “बरोबर बोलली.” शेजारणीने तिला खाली ओढलं. वाण मिळायचं होतं ना अजून. प्लास्टिकचा डबा, झाकणावर भाऊंचा फोटो.

कडेला उभ्या सचिनला तरीही पाया पडायला बोलावलं, तेव्हा तो स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली गेला होता. मला म्हणाला, “चल.” एवढंच.

घरी सासूबाई जेवल्या नाहीत. “तुझ्या ताठ्यापायी माझं नातवंड गेलं,” म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं दाखवायला माझ्या मांडीवर मूल नाही.

उपचार सुरू झालेले नाहीत. ओळखीचे समजावतात, भाऊंना जाऊन भेट, सॉरी बोल, मोठी माणसं आहेत, विसरतील. विसरतील की. त्यांना आठवत काय होतं? माझं नावही निवेदिकेने चुकीचं घेतलं होतं.

मी पत्रक लिहिलंय. मागणी एकच आहे: मूल न होऊ द्यायचा इलाज जिथे फुकट, तिथेच मूल व्हायचा इलाजही फुकट. खाली माझं खरं नाव घातलंय. पत्रक वाचून गाळ्यातल्या दोघी पुढे आल्या. त्यांचंही माझ्यासारखंच झालेलं. इतकी वर्षं शेजारच्या मशिनीवर बसून त्या बोलल्या नव्हत्या, मीही नव्हते. सोमवारी आम्ही सरकारी दवाखान्याच्या दारात बसतोय. सचिनही येतोय, त्याचा खाडा होईल. होऊ दे.

यात माझं वय निघून जाईल, हे मला कळतं. मला मूल होईल की नाही, ठाऊक नाही. पण माझ्यानंतर येणाऱ्या बाईला इलाजासाठी कुणाच्या स्टेजवर चढावं लागता कामा नये. तोवर मी दारातून उठणार नाही. उचलून टाकलं, तर परत येऊन बसेन.